‘तिला आवडच नव्हती’ म्हणणाऱ्यांना

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कॉलेजात तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवते. जूनमध्ये अकरावीचे प्रवेश सुरू झाले की आम्हा तासिकावाल्यांना फॉर्म भरून द्यायला बसवतात. आमच्या कॉलेजच्या फॉर्मवर एक रकाना आहे : ‘शाखा निवडण्याचे कारण’. रांग मोठी असते, मागून क्लार्क घाई करत असतो. त्यामुळं आर्ट्सला येणाऱ्या मुलींच्या फॉर्मवर मी वर्षानुवर्षं एकच शब्द लिहीत आले : आवड.

यंदा एका मुलीनं माझा हात धरला. तिचं गुणपत्रक माझ्यासमोरच होतं. गणितात शंभरपैकी ८८, विज्ञानात ८१.

“मॅडम, ते नका लिहू. खोटंय ते.”

“मग काय लिहू?”

“दोन बस लिहा.”

मला आधी कळलंच नाही. मग तिनं सांगितलं. सायन्सचं कॉलेज शेजारच्या तालुक्याला. गावातून फाट्यापर्यंत एक बस, फाट्यावरून दुसरी. कॉलेज भरतं साडेसातला आणि गावात पहिली एसटी येते साडेआठला. “पास फुकट आहे मॅडम,” ती म्हणाली, “पण बसच नाही.”

रकान्यात ‘दोन बस’ लिहिलं असतं तर क्लार्कनं फॉर्म परत केला असता. मी ‘आवड’ लिहिलं. तिनं सही केली आणि ती गेली.

त्या दिवसापासून हा शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. अकरा वर्षांत किती मुलींच्या नावापुढं मी तो लिहिला असेल, मोजलं नाही. मोजायची हिंमत नाही. पण एवढं कळलं, की ज्या कागदांवरून उद्या कुणीतरी म्हणणार आहे, ‘मुलींचा कल कलाशाखेकडेच असतो’, ते कागद माझ्यासारख्यांनीच भरलेले आहेत.

हे म्हणणारे कमी नाहीत. स्टाफरूममध्ये आहेत, करिअर मार्गदर्शनाच्या व्याख्यानांत आहेत, आणि दुःखानं सांगते, चौदा एप्रिलच्या स्टेजवरही आहेत. “मुलगे गणितात तयार असतात, मुली भाषेत तयार असतात.” “मुलींना मशीनची आवड नसते हो, सक्ती कशी करणार?” बोलणारा सहसा वाईट माणूस नसतो. आपण समोर दिसणारी गोष्ट सांगतोय, असंच त्याला वाटतं. म्हणूनच या वाक्याचा समाचार घेणं भाग आहे.

आधी माझ्या घरचा हिशेब सांगते. माझे माय-बाबा ऊसतोडीला जायचे. दादा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. दहावीला गणिताचा पेपर तेव्हा दीडशे गुणांचा होता. दादाला १०२ पडले, दोन वर्षांनी मला १३१. दादाला सायन्सला लातूरला ठेवलं. खोली, मेस, क्लास यांसाठी बाबांनी मुकादमाकडून जास्तीची उचल घेतली आणि ती फेडायला माय-बाबांचा कोयता एक महिना जास्त चालला. मी दहावी झाले तेव्हा ती उचल फिटलेली नव्हती. दिवाळीनंतर माय-बाबा फडावर गेले की घरी आजी, दोन धाकटी भावंडं आणि मी. भाकरी, पाणी, शेरडं, धाकट्यांची शाळा. मला आर्ट्सला घातलं, कारण आर्ट्सला प्रॅक्टिकल नसतं. कॉलेजात रोज नाही गेलं तरी चालतं.

हे कारण नीट ऐका. गावोगाव मुलींना आर्ट्सला घालण्यामागं हे फार मोठं कारण आहे आणि ते कुठल्याच फॉर्मवर लिहिलं जात नाही. जी शाखा घरकामाच्या आड येत नाही, ती मुलीची शाखा. मग तीन-चार वर्षांनी त्याच मुलीला विचारायचं, तुझी गणिताची तयारी का गं कच्ची?

तयारी म्हणजे तरी काय? गणित ही सरावाची गोष्ट आहे. सराव म्हणजे वेळ, आणि तोही सलग मिळालेला. केंद्र सरकारनं २०२४ साली केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका-मुलींची दिवसाची सरासरी २८९ मिनिटं निघाली आणि पुरुष-मुलांची ८८. दोहोंत तीन तासांहून जास्त फरक. हे तीन तास रोज एकाच्या वहीत जातात आणि दुसरीच्या चुलीत. दोन वर्षांनी परीक्षा घेतली की एकाची ‘तयारी’ दिसते आणि दुसरीचा ‘कल’ दिसतो.

दादाशी माझं भांडण नाही. लातूरच्या त्या खोलीत त्यानं काय सोसलं ते मला माहीत आहे. आपल्या घरातला एक मुलगा शिकला म्हणजे सगळं घर वर येईल, या हिशेबाचं ओझं त्याच्या पाठीवर होतं. पण तो हिशेब कुणाच्या वाट्यातून भागवला गेला हे सांगायचं नाही आणि वर ‘तिला आवडच नव्हती’ म्हणायचं, हे मी आता ऐकून घेणार नाही.

आता आपल्या सगळ्यांना माहीत असलेली एक गोष्ट. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचं होतं. ते अस्पृश्य म्हणून त्यांना संस्कृत शिकवायला नकार मिळाला आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. आता समजा, त्या काळी एखाद्या संशोधकानं शाळेची रजिस्टरं चाळली असती. त्याला काय दिसलं असतं? अस्पृश्य मुलांचा कल फारसीकडे आहे, संस्कृतची त्यांना गोडी नाही. त्याचे आकडे अगदी बरोबर आले असते आणि निष्कर्ष शंभर टक्के खोटा. पुढं बाबासाहेबांनी स्वतःच्या कष्टानं संस्कृत शिकून त्याच ग्रंथांची उलटतपासणी केली, हा इतिहास आपण अभिमानानं सांगतो. पण त्यातून जो धडा घ्यायचा तो आपल्या बहिणींच्या गुणपत्रकाला लावत नाही. दार बंद होतं तेव्हा माणूस दुसऱ्या दारानं गेला, याला निवड म्हणत नाहीत.

आता देशाचं चित्र बघा. २०२३ च्या ‘असर’ सर्वेक्षणानं २६ राज्यांतल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची माहिती घेतली. अकरावी किंवा त्यापुढं शिकणाऱ्यांत विज्ञान-तंत्रज्ञानाकडं असलेले मुलगे ३६.३ टक्के, मुली २८.१ टक्के. आवडवाले म्हणतील, बघा! थांबा. आता उच्च शिक्षणाचं अखिल भारतीय सर्वेक्षण घ्या, २०२१-२२ चं. पदवीपासून पीएचडीपर्यंत विज्ञान शाखेत ५७.२ लाख विद्यार्थी. त्यात मुली २९.८ लाख आणि मुलगे २७.४ लाख. म्हणजे विज्ञान शाखेत मुली जास्त! आणि इंजिनिअरिंगला? तिथं मुली एक तृतीयांशसुद्धा नाहीत.

मुलींना गणित-विज्ञानाची आवडच नसती तर बीएस्सी, एमएस्सीचे वर्ग त्यांनी भरले असते का? मग बीएस्सीला आवड असते आणि बीटेकला ती कुठं जाते? उत्तर कुठल्याही तालुक्यात दिसतं. बीएस्सी जवळच्या कॉलेजात होते, फी कमी, संध्याकाळी मुलगी घरी. इंजिनिअरिंगला आधी दोन वर्षांचा क्लास लागतो, मग शहर लागतं, होस्टेल लागतं, चार वर्षं लागतात. सायन्स घेतलेला मुलगा तिकडं जातो. सायन्स घेतलेली मुलगी बीएस्सीला राहते. एकाच घरातली, एकाच शाळेतली ही दोन मुलं. त्यांच्यात फरक पडतो तो त्यांच्यावर किती पैसे लावले आणि त्यांना किती लांब जाऊ दिलं याचा. आवड ही पुष्कळदा खर्चाची पावती असते. आधी खर्च होतो, मग आवड दिसते.

आणि हे आजचं नाही. मुलींनी शिकावं की नाही, हे भांडण आपल्याला माहीत आहे. मुलींनी काय शिकावं, हे भांडणही तितकंच जुनं आहे. फुले दांपत्यानं १८४८ साली पुण्यात शाळा काढली. त्यांच्या शाळांत मुली लिहाय-वाचायच्या, तशाच गणित आणि भूगोलही शिकायच्या. १८५५ साली त्यांच्याच शाळेतल्या मांग समाजातल्या मुक्ता साळवेचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. पुढं १८८४ साली पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं. तिथं मुलींना इंग्रजी, गणित, शास्त्र शिकवतात यावर ‘केसरी’ आणि ‘मराठा’ तुटून पडले. मुलींना संसाराला उपयोगी पडेल तेवढंच शिकवा, हा त्यांचा आग्रह. १९१६ साली महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं, ते मोठं काम होतं. पण बायकांचं जग वेगळं म्हणून त्यांचा अभ्यासक्रमही वेगळा, हा विचार तिथंही होताच.

स्वातंत्र्यानंतर सरकारनं मुलगे आणि मुली यांचे अभ्यासक्रम वेगळे असावेत का, हे तपासायला हंसा मेहता यांची समिती नेमली. वेगळे नसावेत, असं समितीनं सांगितलं आणि कोठारी आयोगानं ते उचलून धरलं. कागदावर विषय एक झाले. तरी जे काम पूर्वी अभ्यासक्रम करायचा ते आता अंतर करतं, फी करते, चूल करते. पूर्वीच्या लोकांनी निदान तोंडावर सांगितलं, की तुम्हाला गणित देणार नाही. आताचे म्हणतात, तुम्हालाच नको आहे.

हे सगळं बदलतं का? बदलतं, आणि झपाट्यानं बदलतं. हाच माझा सगळ्यात मोठा पुरावा आहे. आमच्या त्या मुलीची अडचण दोन बसची होती ना? बिहारमध्ये २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सरकारनं सायकली द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं आणि मुलगे-मुलींमधली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली. सर्वांत जास्त फरक कुठं पडला? जिथून शाळा तीन किलोमीटरपेक्षा लांब होती त्या गावांत. म्हणजे बिहारच्या खेड्यातल्या मुलींची ‘शिक्षणाची आवड’ एका सायकलीच्या अंतरावर उभी होती.

दुसरं उदाहरण पार दुसऱ्या टोकाचं, आयआयटीचं. पहिली आयआयटी १९५१ साली सुरू झाली. २०१७ पर्यंत तिथं मुलींचं प्रमाण दहात एकीच्या आसपासच घुटमळत होतं. तेव्हाही हेच ऐकायला मिळायचं : मेरिट आहे, आवड आहे, आम्ही काय करणार? २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा निर्माण केल्या. मुलांची एकही जागा कमी केली नाही. पहिल्या वर्षी १४ टक्के, मग १७, मग २० असं लक्ष्य ठेवलं आणि ते गाठलं. सहा दशकं जी आवड उगवली नाही, ती तीन वर्षांत दुप्पट कशी झाली? मुलींचा मेंदू तीन वर्षांत बदलत नसतो. जागा बदलल्या.

पण इथंच आपण सावध राहायला हवं. आयआयटीत या जागा प्रत्येक प्रवर्गात आहेत, अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठीही आहेत. तिथवर पोचेल कोण? जिला अकरावीला सायन्स मिळालं, क्लास मिळाला, ती. वरच्या मजल्यावर खोली तयार आहे, पण आमच्या मुलींच्या गावात जिन्याची पहिली पायरीच नाही. २०२४ पासून महाराष्ट्रात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली, अनुसूचित जातींसाठी शिष्यवृत्ती आधीपासून आहे. चांगलं आहे. पण ज्या मुलीनं अकरावीलाच आर्ट्स घेतलं तिला इंजिनिअरिंगची फीमाफी म्हणजे न आलेल्या बसचा फुकट पास.

आता आपल्यातलेच काही मित्र विचारतील, आर्ट्सला कमी का लेखता? बाबासाहेब अर्थशास्त्राचे, कायद्याचे. तू स्वतः राज्यशास्त्राची. बरोबर आहे आणि मी माझ्या विषयावर जीव टाकते. आर्ट्स खालच्या दर्जाचं आहे असं मी म्हणतच नाही. ज्या मुलाला कवितेत रस आहे त्याला जबरदस्तीनं मेकॅनिकलला घालून चार वर्षं एटीकेटीच्या फेऱ्यात पिळणं हाही याच व्यवस्थेचा अत्याचार आहे. माझा प्रश्न एवढाच आहे, की दोन्ही दारं उघडी असताना ती आर्ट्सला आली का? महानगरातल्या खाजगी विद्यापीठात वर्षाला लाखो रुपये भरून पिढीजात शिकलेल्या घरातली मुलगी इतिहास घेते, ती तिची निवड. तालुक्यात दुसरी शाखाच नाही म्हणून सालगड्याची मुलगी इतिहास घेते. पदवीवर दोघींच्याही ‘बीए’च छापलं जातं. पण एकीच्या मागं पर्याय उभे होते आणि दुसरीच्या मागं बसथांबा. या दोघींची बेरीज करून ‘मुलींना मानव्यशास्त्रं आवडतात’ असं म्हणणं ही आकड्यांची लबाडी आहे. जात आणि वर्ग वगळून मोजलेला लिंगभाव आमच्या मुलींना दिसेनासं करतो.

म्हणून माझी पहिली मागणी मोजणीची आहे. कोणत्या शाखेत, कोणत्या जातिप्रवर्गातल्या किती मुली आणि किती मुलगे, हे प्रत्येक राज्यानं तालुकावार आणि वर्षवार जाहीर करावं. दुसरी, जिथं मुलींची दहावी होते त्या प्रत्येक परिसरात प्रयोगशाळेसह सायन्सचं कनिष्ठ महाविद्यालय असावं, आणि एसटीची वेळ कॉलेजच्या वेळेला जुळवावी. तिसरी, समाजकल्याणच्या मुलींच्या वसतिगृहांत अकरावी-बारावीच्या सायन्सच्या मुलींना पुरेशा जागा मिळाव्यात आणि बारावीपर्यंत चालणाऱ्या प्रत्येक कस्तुरबा गांधी विद्यालयात विज्ञान शाखा असावी. चौथी, बार्टी, महाज्योतीसारख्या संस्थांच्या जेईई, नीट, सीईटी प्रशिक्षणात निम्म्या जागा मुलींच्या असाव्यात आणि प्रशिक्षण त्यांच्या राहण्याच्या सोयीसकट असावं. टॅब वाटला म्हणजे अभ्यासाला तीन तास मिळत नाहीत.

या मागण्या सरकारकडं. आता आपल्याकडं.

हे वाचणारे तुम्ही बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर आहात. मीही आहे. आपल्याला सवय आहे, की अन्याय बाहेर शोधायचा, आणि तो बाहेर आहेच. पण तुमच्या डिग्रीचा खर्च कुठून आला हे एकदा घरी बसून मांडा. कुणाचा क्लास राहिला? कुणाचं लग्न दोन वर्षं लवकर झालं? तुम्ही रात्री अभ्यास करत होता तेव्हा भांडी कोण घासत होतं? आणि आज तुमच्या हातात पगार आहे, तर भाचीच्या, पुतणीच्या, धाकट्या बहिणीच्या अकरावीच्या वेळी तुम्ही काय म्हणता? “तिला झेपेल का?” हा प्रश्न आपल्याला गुरुजींनी विचारला होता, पाटलानं विचारला होता. तो जसाच्या तसा आपल्याच घरातल्या मुलीला विचारताना आपली जीभ अडखळली पाहिजे.

मी हे वरून सांगत नाही. ‘आवड’ हा शब्द माझ्या अक्षरात शेकडो फॉर्मवर आहे. मला स्वतःला जे लागू केलं गेलं तेच मी पुढं लागू करत राहिले, तेही तासिका बुडू नये म्हणून, क्लार्क चिडू नये म्हणून. जातव्यवस्था चालते ती अशाच लहान-लहान सह्यांवर.

ती मुलगी आमच्याच कॉलेजात अकरावी आर्ट्सला आहे. मी तिच्या वडलांशी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाले, “मॅडम, मुलगी हुशार आहे, मला कळतं. पण साडेसातला कॉलेजात पोचवायची कोणी?” माझ्याकडं उत्तर नव्हतं. एसटीच्या आगारात अर्ज दिला आहे, गावातल्या सात मुलींच्या सह्यांसह. बस सुरू झाली तर निदान पुढच्या वर्षीच्या मुलींना तिचा उपयोग होईल. हिचं वर्ष गेलं.

पुढच्या जूनमध्ये मी पुन्हा त्या टेबलाशी बसेन. तो रकाना असेलच. मुलगी जे सांगेल ते मी लिहीन : दोन बस. उचल फिटली नाही. आई फडावर आहे. होस्टेल मिळालं नाही. भावाचा क्लास चालू आहे. क्लार्कनं फॉर्म परत केला तर पुन्हा तेच लिहून देईन. आणि एखादी मुलगी सगळी दारं उघडी असताना हसत म्हणाली, “मॅडम, मला इतिहासच शिकायचाय,” तर त्या दिवशी मी मोठ्या अक्षरात लिहीन : आवड.

जय भीम, जय सावित्री.